खांद्यावर तीन बोटं

आता तुम्हीच सांगा, सख्खा भाऊ गेल्याचा फोन येतो तेव्हा समोरच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं असेल, त्या बाईंच्या नाकावर ती तपासणीची जडशीळ फ्रेम असेल, आणि त्या डोळे बारीक करून विचारत असतील, "मघाची काच बरी होती, की ही बरी?" तर माणसाने नेमकं करायचं काय असतं? कुठे लिहून ठेवलंय का? मला तरी सापडलं नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे, लहानसं, पुढे काउंटर, मागे अंधारी खोली, खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि त्यावर एक दिवा. मंगळवार होता. मंगळवारी सहसा काही होत नाही हो, माणसं दुकानात येतात ती सैल झालेला स्क्रू आवळून घ्यायला. आणि त्यात फोन. वहिनींचा. "भाऊजी, हे गेले हो. झोपेतच गेले. तुम्ही हातातलं गिऱ्हाईक आटपा आणि या. घाई करू नका, आता कसली घाई."

मी काय म्हणालो असेन? "बरं."

दादा एकसष्ट वर्षांचा, मी चौपन्न, एका आईची दोन मुलं, आणि माझ्या तोंडून निघालेला शब्द "बरं." मग वळलो आणि बाईंना म्हणालो, "खालची ओळ वाचा." त्यांनी वाचली. बरोबर वाचली की चूक, मला विचारू नका. मी नंबर लिहिला, चष्मा करून दिला. दोन आठवड्यांनी त्या परत आल्या, शिवणकाम करतात त्या, म्हणाल्या, "अहो चष्मेवाले, ह्यातून सुई दिसते, नेढं दिसत नाही." काय सांगणार त्यांना? काच बदलून दिली.

तर तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तक्रार नको. आमच्या घरातलं सगळं बोलणं दादाच्या वाट्याला आलं होतं. सात वर्षं आधी जन्मला आणि माझ्या वाटचंही बोलून ठेवलं त्याने. तो बास्केटबॉलचा कॉमेंट्रीवाला. रेडिओवर. तुम्ही म्हणाल, बास्केटबॉल, आणि रेडिओवर? ऐकायचा? अहो, मीही तेच म्हणत होतो, म्हणजे मनात म्हणत होतो, पण तेहतीस वर्षं हे शहर ऐकत होतं.

लहानपणापासून तसाच. बाबा आरशासमोर दाढीला बसले की हा दारात उभा, कंगवा माईकसारखा धरलेला. "श्रोतेहो, डावा गाल पूर्ण झालेला आहे... आता हनुवटीचं अवघड वळण... ब्लेड नवीन आहे, खेळाडू अनुभवी आहे, पण हात किंचित थरथरतोय का?" आणि थरथरायचाच हो! बाबा रोज हनुवटीला कागदाचा कपटा चिकटवून ऑफिसात जायचे, तिथे सगळ्यांचा समज होता की ह्यांच्या घरी मांजर आहे. मग संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीत. बादली ठेवायची, जुन्या वर्तमानपत्राचे गोळे करायचे आणि लांबून टाकायचे. तो टाकायचा, तोच कॉमेंट्री करायचा, आणि मी मोजायचो. शेवटचा गोळा आला की मी डोळे मिटून घ्यायचो. का म्हणून विचारू नका. बघवायचं नाही. तो विचारायचा, "मुक्या, गेला का रे?" मला मुक्याच म्हणायचा तो, कौतुकाने. मी आवाजावरून सांगायचो, "गेला." बादलीचा आवाज होतो ना. चुकत नसे माझं.

हे गच्चीतलं लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे. दुर्दैवाने.

तर रेडिओ. स्टेशनात त्याला पहिलं काम मिळालं ते हरवले-सापडलेच्या निवेदनाचं. रोज सकाळी पाच मिनिटं. लोक वाचतात तसं वाचायचं की नाही? हा सुरू करायचा, "काळी छत्री... लाकडी दांडा... काल दुपारी बस स्थानकाच्या बाकावर ती शेवटची दिसली. आणि तिथून पुढे, श्रोतेहो, तिचं काय झालं?" लोक कामधंदा सोडून छत्रीच्या काळजीत. एकदा एका छत्रीसाठी स्टेशनात अकरा छत्र्या आल्या. अकराही लोकांनी शपथेवर सांगितलं की हीच ती. मग साहेबांनी विचार केला, ह्या माणसाला असं काही द्यावं की ह्याची दमछाक होईल, आणि दिला बास्केटबॉल. कोणी घेत नव्हतं. फुटबॉलवाला म्हणाला, "माझ्या खेळात दीड तासात दोन गोल होतात, मधे चहा होतो, ह्यात श्वास घ्यायला जागा नाही." दादा म्हणाला, "श्वास कशाला लागतो?"

आता मी ह्यात कुठे आलो? सांगतो. मैदानात, म्हणजे त्या मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये, रेडिओला जागा दिलेली संघाच्या बाकामागे. बाकावर कोण? बदली खेळाडू. साडेसहा फूट एकेक. जरा रंगत आली की सगळे उठून उभे, आणि दादाच्या समोर सात पाठी. उभं राहावं तर माईकची वायर पुरत नाही. वायर लांब करून द्या म्हणून त्याने अर्ज केला होता, तो मंजूर झाला तेव्हा ह्याला निवृत्त व्हायला एक वर्ष उरलं होतं. म्हणून मी. मी मागे स्टुलावर उभा राहायचो, हातात पाटी, पाटीवर कागद. फाउल किती, गुण किती, कोण दमला, कोण लंगडतोय, सगळं चिठ्ठीवर लिहून त्याच्यासमोर सरकवायचं. आणि चिठ्ठीला वेळ नसेल तेव्हा बोटं. त्याच्या उजव्या खांद्यावर. एक बोट, एक गुण. दोन बोटं, दोन. रेषेबाहेरून टाकलेला चेंडू आत गेला तर तीन बोटं. आणि तोंडाने एक अक्षर काढायचं नाही, कारण माईक चालू. शनिवार-रविवार, सगळा हंगाम, भावाच्या शेजारी उभा राहून मी कधी खोकललोसुद्धा नाही. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, ह्यांना डोळे तुम्ही आणि तुम्हाला तोंड हे. दोघांत मिळून एक धड माणूस होतो."

त्या गंमतीने म्हणायच्या. मी हसायचो. मी बोलणारा माणूस नाही.

बरं, वहिनींचंही सांगायला हवं. लग्न होऊन घरी आल्या त्या दिवसापासून ह्याची कॉमेंट्री. "वधू डाव्या बाजूने प्रवेश करते... उंबरा... उंबरा पार... हातात बॅग आहे, बॅग जड आहे, कोणी मदत करणार आहे का?" सगळे हसतात, मदत कोणीच करत नाही. वहिनी तिथेच म्हणाल्या, "अहो कॉमेंट्रीवाले, तुम्हीच करा, तुमचे हात रिकामेच आहेत." तेव्हापासून त्या घरात तो एकाच माणसाला वचकून होता.

आता तो दिवस. म्हणजे तो मंगळवार नाही, तो जुना रविवार. बावीस वर्षं झाली. आपल्या शहराचा संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात. दुकानं बंद, रस्ते मोकळे, घराघरात रेडिओ लावलेला, तिकिटं मिळाली ती थोड्यांना, बाकी सगळं शहर दादाच्या तोंडाकडे कान लावून बसलेलं. आणि दादाच्या खिशात एक पत्र. मोठ्या टीव्ही कंपनीचं. पुढच्या महिन्यापासून या, देशभरचे सामने तुम्ही सांगायचे. हे पत्र त्याने दोघांनाच दाखवलं होतं, वहिनींना आणि मला. मला म्हणाला, "मुक्या, तुलाही नेणार. अट घातलीय मी. माझे डोळे येणार नसतील तर मी येत नाही."

चार सेकंद उरली होती. आपण दोन गुणांनी मागे. चेंडू आपल्या कप्तानाकडे, तो लांब, रेषेजवळ. रेषेच्या आत की बाहेर, तीच तर सगळी मेख. पाय रेषेवर असला तर दोन गुण, बरोबरी, जादा पाच मिनिटं खेळायचं. पाय बाहेर असला तर तीन, आणि आपण जिंकलो. बाकावरचे सगळे उठले. दादासमोर सात पाठी. तो बोलतोय, श्वास न घेता, "कप्तान उडी घेतोय... चेंडू हातातून सुटला... चेंडू हवेत आहे, श्रोतेहो, चेंडू अजून हवेत आहे..." आणि त्याने खांदा किंचित मागे केला. माझ्या हाताशी. सांग, म्हणून.

आणि मी डोळे मिटले होते.

गच्चीतल्यासारखे. स्टुलावर उभा, हातात पाटी, बत्तीस वर्षांचा घोडा, बायकोमुलं असलेला, डोळे तपासण्याचा परवाना भिंतीला लावून बसलेला माणूस, आणि डोळे घट्ट मिटलेले. बघवलं नाही. त्या पत्राचा विचार आला, दादाचा आला, बघवलं नाही. आणि मग आवाज झाला. काय आवाज झाला म्हणून सांगू... छताचे पत्रे हादरले. मी मनात म्हणालो, एवढा आवाज दोन गुणांसाठी कोण करतं? आणि दाबली त्याच्या खांद्यावर तीन बोटं. घट्ट.

"तीन! जिंकलो!" दादा म्हणाला, आणि असं म्हणाला की मला आजही त्या आवाजाची भीती वाटते.

पुढचं ऐका. मी डोळे उघडले तर पंच दोन बोटं दाखवतायत. दोन. फळ्यावर बरोबरी. खेळाडू पाणी पितायत, जादा पाच मिनिटांची तयारी. दादाला पाठींमधून कुठूनतरी ते दिसलं, तो चटकन म्हणाला, "क्षमा करा, श्रोतेहो, माझी चूक झाली, माझी..." आणि माईकवरचा लाल दिवा विझलेला. का? तर स्टेशनात बातम्यांची वेळ टळून चालली होती, तिथला माणूस घड्याळाकडे बघत बसला होता, जिंकलो म्हटल्याबरोबर त्याने सामना बंद करून बातम्या लावल्या. शिस्तीचा माणूस. दादाने वायर हलवून बघितली, फोन करून बघितला, लागला नाही. आणि मग काय केलं असेल त्याने? तो परत बसला आणि पाच मिनिटं पूर्ण कॉमेंट्री केली. विझलेल्या दिव्यासमोर. प्रत्येक पास, प्रत्येक फाउल. मी चिठ्ठ्या सरकवत होतो, तो वाचत होता. तुम्हाला सांगतो, इतकी सुंदर कॉमेंट्री त्याने आयुष्यात केली नव्हती, आणि ती ऐकायला अख्ख्या जगात एकच माणूस. मी. अकरा गुणांनी हरलो आपण.

आणि बाहेर? बाहेर सगळं शहर रस्त्यावर. नाचतंय, गाड्यांचे भोंगे, शेजारी शेजाऱ्याला मिठी मारतोय, ज्यांचं बोलणं नव्हतं ते बोलायला लागले. अशात खेळाडूंची बस आली. लोकांनी कप्तानाला खिडकीतून ओढून काढला आणि खांद्यावर घेतला. तो ढसाढसा रडतोय, "अहो सोडा, आम्ही हरलो!" आणि लोक म्हणतात, "बघा, किती विनय आहे." तीन चौक नेला त्याला तसाच.

त्यानंतर मग कळलं लोकांना. आणि मग दादाचं नाव गेलं आणि त्याला नाव पडलं, दोन-की-तीन. वाण्याकडे साखर घ्यायला गेला की वाणी विचारणार, "किलो दोन, की तीन?" बसमध्ये कंडक्टर, "तिकिटं दोन की तीन?" अहो, दाताच्या डॉक्टरने तोंडात हात घालून विचारलं, "काढायचे किती, दोन की तीन?" आणि स्वतःच हसला. तोंडात हात असताना माणूस उत्तर तरी काय देणार? टीव्हीवाल्यांचं दुसरं पत्र आलं, तूर्त जागा नाही, भविष्यात जरूर विचार करू. बावीस वर्षं भविष्यच चालू होतं.

आता तुम्ही म्हणाल, त्याने तुला काय केलं? बोलला असेल, ओरडला असेल. तेच तर दुखणं आहे. त्या दिवशी हॉल रिकामा झाला, मी पाटी छातीशी धरून उभा, तोंड उघडलं, म्हणणार होतो, दादा, मी... आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मुक्या, तू पाहिलंस ना? मग तीनच होते. पंच चुकला."

बस. इतकंच.

स्टेशनला त्याने लिहून दिलं, चूक सर्वस्वी माझी. लोकांना सांगितलं, माझी. खांद्यावरच्या बोटांबद्दल जन्मात कुणाकडे बोलला नाही, वहिनी सोडून. पण मनात एक धरून बसला, माझा भाऊ चुकत नाही, गच्चीत कधी चुकला नाही, म्हणजे पंच चुकला. दरवर्षी त्या तारखेला पंचांना पत्र लिहायचा. चार-चार पानं. कोन काय होता, दिवे कुठे होते, पंचांच्या आणि पायाच्या मधे कोण उभं होतं. आकृत्या काढून. पंच सभ्य माणूस. त्यांनी एकदाच उत्तर दिलं. एक ओळ. "मी पाहिले ते दोन होते. कळावे." दादाने ते पत्र मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय म्हणावं ह्या माणसाला?"

मी म्हणालो, "बरं." म्हणजे, बघू या अर्थाने. मी बोलणारा माणूस नाही हो.

उद्या सांगू, असं मी ठरवलं होतं. खरंच. आधी म्हटलं ते टीव्हीचं निवळू दे. मग म्हटलं वहिनींची तब्येत सुधारू दे. मग म्हटलं हंगाम संपू दे. हंगाम काय, दरवर्षी संपतो आणि दरवर्षी सुरू होतो.

आणि मग नऊ वर्षांपूर्वी, एका दुपारी, दुकानात कोण यावं? पंच! निवृत्त झालेले, उंच, सरळ पाठीचे, टोपी हातात. मला ओळखलंही नाही त्यांनी. जवळचं वाचायला त्रास होतो म्हणाले. मी त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं. मनात काय चाललं होतं माहितीये? निघू दे. काहीतरी निघू दे. डावा डोळा अधू निघू दे, पडदा निघू दे, मोतीबिंदूची सुरुवात तरी निघू दे... पहिली ओळ वाचा. वाचली. दुसरी. वाचली. खालची. वाचली. मी म्हणालो, एकदम खालची. तीही वाचली, आणि त्याखाली तक्ता छापणाऱ्याचं नाव असतं बारीक, ते वाचलं, म्हणाले, "ह्यांच्या पत्त्यात छापण्याची चूक आहे, तुम्हाला माहितीये का?" वीस वर्षं तो तक्ता माझ्या भिंतीवर आहे, मला माहिती नव्हतं.

"लांबचं उत्तम आहे तुमचं," मी म्हणालो. म्हणावंच लागलं. जवळचा चष्मा करून दिला.

ही बातमी दादाकडे पोचायला किती वेळ लागणार? शहर केवढं? संध्याकाळी हा दुकानात हजर. "काय निघालं?" धापा टाकत होता. "मुक्या, काय निघालं? खरं सांग." डोळे असे चमकत होते त्याचे, अकरा छत्र्या आल्या त्या दिवशी चमकले होते तसे. मी काय करायला हवं होतं? मी म्हणालो, "थोडा नंबर आहे."

त्याने टेबलावर असा हात मारला की दोन फ्रेमा खाली पडल्या. "बघ! बघ, म्हणत होतो की नाही?" त्या रात्री त्याने पंचांना शेवटचं पत्र लिहिलं. मोठ्या मनाने. तुमच्या दृष्टिदोषाबद्दल आता मला समजले आहे, मनात राग नाही, प्रकृतीस जपावे.

मागच्या वर्षी त्याचा घसा बसला. बसला तो बसलाच. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. कॉमेंट्रीवाल्याचं स्वरयंत्र! त्या दुखण्याला एवढी माणसं सोडून हाच मिळाला? आता घरात चिठ्ठ्या तो लिहायचा आणि वाचून बोलायचं मी. मी! तो भराभरा लिहायचा, "नर्स डावीकडून येते, हातात सुई, रुग्ण सावध", आणि मी ते मोठ्याने वाचायचो. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, जरा भावना घालून वाचा, ह्यांना त्रास होतो." मी भावना घालायचो. तो कपाळाला हात लावायचा.

आठ महिने. विचार करा, आठ महिने त्याला मधेच तोडता येत नव्हतं. इतकी चांगली संधी मला जन्मात मिळाली नव्हती. रोज दुकान बंद करून जायचो, वाटेत वाक्य तयार करायचो, दादा, त्या रविवारचं एक सांगायचंय. जिन्यात म्हणून बघायचो. दारात म्हणून बघायचो. आत गेलं की तो चिठ्ठी पुढे करायचा, "आज गिऱ्हाईक किती?" आणि मी म्हणायचो, "चार."

शेवटच्या रविवारी त्याने चिठ्ठी लिहिली नाही. हात उचलत नव्हता नीट. माझा तळहात ओढून घेतला आणि त्यावर तीन बोटं ठेवली. भुवया वर केल्या. विचारत होता.

मी त्याचा हात उलटा केला आणि त्यावर तीन बोटं दाबली. घट्ट.

त्याचं समाधान झालं. झोपला. आणि मंगळवारी फोन.

मग शोकसभा. रेडिओ स्टेशनच्या कार्यक्रमप्रमुख बाईंचा फोन, "सर, तुम्ही पाच मिनिटं बोला ना, मनातलं बोला, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या शेजारी होता." मी म्हटलं, "होतो. पण मी बोलणारा माणूस नाही." त्या म्हणाल्या, "किती छान! असंच सुरू करा." आणि कार्यक्रम रेडिओवर थेट जाणार. मी ठरवलं. ह्या वेळी नक्की. दादाला नाही तर नाही, शहराला सांगू. दोन-की-तीन त्याचं नाव नव्हे, माझं. कागदावर लिहिलं, पाच ओळी. खिशात घातलं. हॉल तोच. आमची जागा तीच. वायर आता लांब.

माझ्या आधी कोण बोलायला उठावं? पंच. ऐंशीच्या घरातले, सरळ पाठ. माईकजवळ गेले आणि म्हणाले, "मी फार बोलणार नाही. बावीस वर्षं मी म्हणत आलो, दोन होते. हे गृहस्थ मला दरवर्षी लिहीत राहिले. शेवटच्या पत्रात त्यांनी माझ्या डोळ्यांतला दोष कळवला. तो मला स्वतः चष्मेवाल्यांनी तोंडावर सांगितला नव्हता, हा त्यांचा चांगुलपणा. मी खूप विचार केला. आज मी म्हणतो, तीन असतील. माझी चूक झाली असेल. त्यांची क्षमा मागतो."

टाळ्या. अहो, लोक उभे राहिले. कप्तान आला होता, पोट सुटलेला, तो रडायला लागला, आणि ह्या वेळी खरंच आनंदाने. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. बावीस वर्षांनी शहर जिंकलं हो. आणि स्टेशनच्या बाई म्हणाल्या, "आणि आता, ज्यांनी ते प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं..."

मी गेलो. माईकचा लाल दिवा चालू होता. कागद उघडला. समोर वहिनी. मी म्हणालो, "नमस्कार." मग कागदाची घडी घालून परत खिशात ठेवली. मग म्हणालो, "तीन," आणि खाली आलो. आजवरचं सगळ्यात प्रभावी भाषण, असं लोक म्हणतात. रेडिओवर पुन्हा दोनदा लावलं.

तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही तिथे नव्हता.

परवा पंच दुकानात आले. म्हणाले, "आता सगळ्यांना कळलंच आहे, तर तो लांबचा चष्मा करून टाकू. संकोच करू नका." मी त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं. पहिली ओळ, दुसरी, खालची, एकदम खालची. सगळ्या वाचल्या. त्या पत्त्यातली चूक अजून दुरुस्त केली नाही का, म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली होती आणि माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते... मी म्हणालो, "थोडा नंबर आहे."

केला चष्मा. साध्या काचा, नंबर शून्य. लावून ते दारात उभे राहिले, रस्त्यापलीकडच्या पाट्या एकामागून एक वाचल्या आणि म्हणाले, "काय हो, इतकी वर्षं मी काय बघत होतो! आता कसं स्वच्छ दिसतंय."

मी म्हणालो, "बरं."

त्या रविवारी मी डोळे मिटले होते, हे सांगायचं अजून राहिलंच आहे.